अर्धवट स्वेटर दरवर्षी तिथंच का अडकतात आणि दिवाळी अंक वाचता वाचता ते कसे संपवायचे

दरवर्षीचं तेच आहे. नोव्हेंबरात पहाटे जरा गारवा सुटला की कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ती पिशवी खाली येते, त्यात कुणाची तरी पाठ विणून झालेली, एकच बाही, सुईवर लटकलेला अर्धा गळा, आणि नेमके त्याच दिवसांत दिवाळी अंकही घरात यायला लागतात, काही विकत काही वाचनालयातून, मग हात दोनच आणि डोळेही दोनच, त्यात अंक जिंकतो आणि पिशवी परत वर जाते. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होते, संक्रांत होते, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, स्वेटर तिथल्या तिथं. घरातले म्हणतात "उगं आळस आहे तुझा", पण मला काही ते पटत नाही, आळशी बाई शंभर टाके घालून हातभर पाठ विणतच नाही ना.

मला स्वतःला दोनच कारणं दिसतात. एक म्हणजे वाचनालयाच्या अंकाला परतीची तारीख असते, स्वेटरला नसते. दुसरा माणूस नंबर लावून बसलेला असतो, ग्रंथपाल फोन करतात, त्यामुळं अंक वाचून होतो म्हणजे होतोच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, तुमच्या पिशवीतला कुठलाही तुकडा काढा आणि तो नेमका कुठं थांबलाय ते बघा. सरळ विणीत मधेच सोडलेला तुकडा क्वचितच सापडेल. तो थांबलेला असतो मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या खाचेला, गळ्याला, दुसऱ्या बाहीच्या सुरुवातीला, लोकर संपली तिथं, नाहीतर सगळं विणून झालं आणि फक्त शिवायचं राहिलं तिथं. म्हणजे जिथं काहीतरी ठरवायचं होतं तिथं. त्या दिवशी लाइट नव्हती, पाहुणे आले, लेकरू रडलं, काहीतरी झालं आणि ते ठरवायचं राहिलं, वर्षानं पिशवी उघडली तर काय ठरवायचं होतं तेच आठवत नाही. मग माणूस पिशवी बंद करतो आणि नवीन टाके घालतो. नवीन टाके घालायला काही ठरवावं लागत नाही, म्हणून तर दरवर्षी पिशवी फुगतच जाते.

म्हणून पहिलं काम, सुया हातात घ्यायच्या आधी पिशवी पलंगावर पूर्ण रिकामी करा. एकेक तुकडा उचला आणि स्वतःला एकच विचारा, याची पुढची सुई, म्हणजे विणीची पुढची ओळ, मला आत्ता कळतेय का? कळत असेल तर तो तुकडा वाचनाबरोबर करायचा. कळत नसेल तर तो डोळ्याचा, म्हणजे दुपारी उजेडात, अंक बंद ठेवून, फक्त तेवढा पेच सोडवेपर्यंत घेऊन बसायचा, आणि पेच सुटला की तोही वाचनाच्या ढिगात टाकायचा. अडचण होते ती या दोघांची सरमिसळ केली की. संध्याकाळी टीव्हीसमोर गळ्याचे टाके कमी करायला बसायचं आणि भर दुपारी चांगल्या उजेडात साधी सरळ वीण करत बसायचं, असं उलटंपालटं चालतं बहुतेकींचं.

आता पेच कसा सोडवायचा ते सांगते, आमच्या जाऊबाईंचाच स्वेटर घ्या. राखाडी, पोराचा, पुढचा भाग, मुंढ्याच्या वर आलेला आणि सुईच्या मधोमध सोडून दिलेला, म्हणजे अर्धे टाके एका सुईवर अर्धे दुसऱ्या. त्या म्हणायल्या, "आता हे कोणत्या बाजूनं विणायचं तेच कळंना झालंय, उसवूनच टाकते." मी म्हटलं थांबा वैनी. गुंड्याचा दोरा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघालाय ती सुई उजव्या हातात, दुसरी डाव्या हातात, बस. दोरा नेहमी शेवटी विणलेल्या टाक्यातून निघतो, त्यामुळं यात चुकायला जागाच नाही. मग समोर कोणती बाजू आली ते बघायचं. गुळगुळीत, छोटे छोटे व्ही दिसत असतील तर ही सुई सुलट चालली होती. गाठी गाठी दिसत असतील तर उलट. अख्खी सुई पूर्ण करून सोडलं असेल तर अजून सोपं, सगळे टाके एकाच सुईवर, ती डाव्या हातात धरा, दोरा टोकाकडं येईल अशी, आणि समोर जी बाजू आहे तसं विणा.

मग मोजायचं. साध्या विणीत, म्हणजे एक सुई सुलट एक सुई उलट अशा विणीत, व्ही मोजायचे, एका व्हीला एक सुई. सगळ्या सुया सुलट असलेल्या विणीत ज्या आडव्या वरंब्या दिसतात त्या मोजायच्या, एका वरंबीला दोन सुया. मुंढ्यापासून वर किती आल्या ते झालेल्या पाठीवर मोजून घ्या, पाठ तर झालेली असते ना, तीच तुमचा कागद. हरवलेला नमुन्याचा कागद शोधत बसू नका. पाठीवर टाके कुठं कमी केलेत ते कडेला नीट दिसतं, दोनाचा एक केला की तिथं एक टाका दुसऱ्यावर तिरपा बसतो. त्या प्रत्येक ठिकाणी सेफ्टी पिन लावून टाका, म्हणजे पाठीचा हिशोब पुढच्या भागावर उतरवता येतो. जाऊबाईंचं एवढं करायला चहा गार व्हायच्या आत झालं, आणि इतके दिवस ते वर पडून होतं.

पण लगेच विणायला सुरुवात करू नका. वर्षभर सुईवर लटकलेले टाके ताणलेले असतात, तिथूनच पुढं विणलं की स्वेटरवर बरोब्बर एक आडवी रेघ दिसते, धुतली तरी पूर्ण जात नाही. एकदोन सुया उसवा. उसवताना टाके गळायची भीती वाटत असेल तर ज्या सुईपर्यंत उसवायचंय त्या सुईतल्या प्रत्येक टाक्यातून आधी १२ नंबरची बारीक सुई नाहीतर वेगळ्या रंगाचा धागा ओवून घ्या, मग बिनधास्त ओढा, त्याच्या खाली जातच नाही. टाके परत सुईवर घेताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला आला पाहिजे. तो मागं राहिला तर टाका पिळलेला दिसतो. एखादा टाका गळून खाली पळाला असेल तर घाबरायचं काम नाही, सुलट बाजूनं क्रोशाची सुई घालायची आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे जे आडवे धागे दिसतात ते खालून वर एकेक करत टाक्यातून ओढून घ्यायचे.

आणि हात बदललेला असतो हे विसरू नका. मागच्या वर्षी घट्ट हात असेल तर या वर्षी सैल असू शकतो. त्याच लोकरीच्या उरलेल्या तुकड्यावर वीस-पंचवीस टाके घालून थोडंसं विणून बघा, जुन्या भागावर दहा सेंटीमीटरमधे जितके टाके बसतात तितकेच इथं बसले पाहिजेत. जास्त बसले तर हात घट्ट झालाय, एक नंबर जाड सुई घ्या. कमी बसले तर बारीक.

जाड म्हणजे कोणती, यावरून लई घोळ होतो म्हणून इथंच सांगते. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, नंबर मोठा तशी सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे अंदाजे पावणेतीन. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात, त्यांची ८ नंबर ५ मिलीमीटरची आणि १० नंबर तर ६ मिलीमीटरची. यूट्यूबवर परदेशी बाईचा व्हिडिओ बघून "दहा नंबर" म्हणून आपली दहा नंबर घेतली की बारकं, गच्च, पुठ्ठ्यासारखं काहीतरी तयार होतं आणि मग तेही पिशवीत जातं. व्हिडिओत मिलीमीटर सांगितले असतील तर तेच धरा. सुईच्या डोक्यावरचा नंबर पुसला असेल तर पट्टीला लावून जाडी बघा नाहीतर ओळखीच्या नंबराच्या सुईशेजारी धरून बोटानं फिरवून बघा, कळतं.

लोकर कमी पडली हा पेच सगळ्यात जास्त सापडतो. दुकानात जाऊन "असाच राखाडी द्या" म्हटलं तर मिळतो, पण शेजारी ठेवला की वेगळा. कारण लडीच्या कागदावर शेड नंबर असतो आणि लॉट नंबर वेगळा असतो, शेड तोच असला तरी दर खेपेच्या रंगाईत थोडा फरक पडतो. कागद टाकून दिला असेल तर लॉट जुळायची आशा सोडा. मग दोन उपाय आहेत. एक म्हणजे नवीन लोकर एकदम सुरू न करता दोन सुया जुनी दोन सुया नवीन असं चार बोटं उंचीपर्यंत विणायचं, म्हणजे फरक विरघळतो आणि डोळ्याला रेघ दिसत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, बाह्यांच्या आणि गळ्याच्या बॉर्डर सरळ वेगळ्या रंगात करून टाकायच्या, ठरवून केल्यासारखं दिसतं आणि बॉर्डरला लागली असती ती जुनी लोकर वाचून बाहीला कामी येते. बॉर्डर खालून उसवता येत नाही हे मात्र लक्षात ठेवा, जिथून टाके घातले त्या बाजूनं उसवायला गेलं की प्रत्येक टाक्यात अडकतं, त्यामुळं अजून न विणलेल्या भागांच्या बॉर्डरच वेगळ्या रंगात घ्या आणि झालेल्याला हात लावू नका.

लोकर पुरेल का हे आधी कळायला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरा. झालेली बाही काट्यावर ठेवा, उरलेला गुंडा ठेवा. बाही साठ ग्रॅम भरली आणि गुंडा पन्नास, तर दुसरी बाही होणार नाही हे आजच कळलं, कोपरापर्यंत विणून रडायची वेळ येत नाही. एखादीच सुई उरली असेल आणि धागा पुरतोय का शंका असेल तर साध्या विणीत एका सुईला कापडाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायलाही तेवढाच धरा, वर थोडा जास्त.

दुसऱ्या बाहीचं दुखणं वेगळंच. पहिली बाही उत्साहात होते आणि दुसरी म्हणजे केलेलंच परत करायचं, जिवावर येतं. यावर बोलून बोलून उपयोग नाही, दोन्ही बाह्या एकाच सुईवर एकाच वेळी घाला. दोन गुंडे, मधे थोडी जागा, एकीची सुई झाली की दुसरीचा दोरा उचलायचा. टाके वाढवायचे कमी करायचे ते दोन्हीकडं एकाच सुईला होतं, मोजायची कटकट नाही, आणि दोन्ही बाह्या सारख्याच लांब होतात, नाहीतर एक वर्षाच्या अंतरानं विणलेल्या दोन बाह्या कधी सारख्या आलेल्या मी तरी बघितल्या नाहीत. गुंडे एकमेकांत गुंततात हे खरं, त्याला दोन वेगळ्या पातेल्यांत ठेवायचं, एक डावीकडं एक उजवीकडं, आणि सुई वळवताना एकदा घड्याळाच्या दिशेनं वळवली तर पुढच्या वेळी उलट्या दिशेनं.

बाह्या वाचनाबरोबर करायला सगळ्यात बऱ्या, म्हणून आता वाचनावर येते.

विणत विणत वाचता येतं का? येतं, पण कोणतीही वीण आणि कोणतंही वाचन नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात दिवाळी म्हणजे वाचायचं हे बसलेलंच आहे आणि आपल्याकडं थंडी दिवाळीनंतरच सुरू होते, म्हणजे दोन्ही कामं एकमेकांवर पडणारच, पळवाट नाही. आधी डोळे मिटून एक अख्खी सुई सुलट विणून बघा. बोटांना टाका लागतो का, टोक बरोबर जातं का. जमलं की वाचायला हरकत नाही. सगळ्या सुया सुलट असलेलं मफलर, गोल सुईवरची टोपी जिथं उलट सुई येतच नाही, स्वेटरच्या पाठीचा सरळ भाग, हे वाचनाचे. वेणीचा नमुना, मोती टाका, दोन रंगांचं काम, हे नाही. बॉर्डर एक सुलट एक उलट असली तरी मन भरकटलं की उलटसुलट होते आणि ते चार सुया वर गेल्यावर दिसतं, म्हणून बॉर्डर मी डोळ्याच्या कामात धरते.

वाचनातही फरक आहे. लेख, मुलाखती, प्रवासवर्णन, हे चालतं. कथा चालते, पण रहस्यकथेत हात घट्ट होतो, खरंच होतो, शेवटाकडं आलं की टाके सुईवर सरकत नाहीत. कवितांच्या पानांना सुया खाली ठेवा, ना कविता धड होते ना टाका. आणि राशिभविष्य सगळ्यात आधी वाचून घ्या, नाहीतर घरातली बाकीची मंडळी पान उलटायला येऊन बसतात.

अंक उघडा राहायचा कसा हा खरा प्रश्न. दिवाळी अंक जाड, गुळगुळीत कागदाचा, पाठीला डिंकानं चिकटवलेला, मधे उघडला तरी फटकन बंद होतो. त्याला पोथी ठेवायचं जे घडीचं लाकडी स्टँड असतं ते काढा, घरोघर असतंच देवघराच्या वर, त्याच्यावर अंक तिरपा ठेवा आणि दोन्ही बाजूंना कपड्याचे चिमटे लावा. सुई संपली की चिमटा काढून पान उलटायचं, सुईच्या मधे उलटायचं नाही, हा नियम पाळला तर टाका गळत नाही. वाचनालयाचा अंक असेल तर चिमट्याखाली कागदाची घडी ठेवा, पानाला वळ उठतो. मोबाइलवर वाचत असाल तर अक्षर मोठं करा आणि फोन उभा करून ठेवा, बोटाच्या पेरानं वर सरकवता येतं, सुई सोडावी लागत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे दुसऱ्यानं वाचायचं आणि आपण ऐकायचं. आता श्राव्य पुस्तकं मराठीत मिळतात, पण मी म्हणते घरात वाचणारं माणूस असेल तर त्याला बसवा. आमच्याकडं मामंजी रात्री जेवणानंतर अंकातला एखादा लेख मोठ्यानं वाचतात, चष्मा नाकावर, मधेच थांबून "हे काय पटलं नाही बा" म्हणतात, आणि आम्ही दोघी जावा विणत असतो. तेवढ्या वेळात बाही चांगली वर सरकते. दत्तजयंतीच्या आधी सप्ताह बसतो त्याची गोष्ट वेगळी, पोथी ऐकताना हातात सुया घेतलेल्या आत्याबाईंना चालत नाहीत आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नाही, ते सात दिवस सुट्टी धरायची.

आणि परतीच्या तारखेचं म्हणाल तर ती स्वेटरलाही लावून टाका. ग्रंथपाल नाहीत तर नाहीत, पण ज्या अंकाबरोबर जो तुकडा सुरू केला तो त्या अंकाबरोबर खाली ठेवायचा. हा अंक परत जायच्या आत दोन्ही बाह्या कोपरापर्यंत, पुढच्या अंकाला मुंढ्यापर्यंत. पिशवीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, पेन्सिलीनं, "पुढची सुई उलट, सहा सुयांनी दोन्हीकडं एक टाका वाढवायचा" असं. ती चिठ्ठी म्हणजेच खरा इलाज आहे या सगळ्यावर. उठताना पुढची सुई कोणती ते लिहून उठायचं, दुधावर साय यायच्या आत होतं एवढं लिहून, आणि मधे वर्ष गेलं तरी तुकडा अडत नाही.

आपल्या हवेचंही बघायला पाहिजे. पुण्या-नाशकाकडच्या बायका फेब्रुवारीत निवांत विणत बसतात, आपल्याकडं परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा एक आकडी झाला म्हणून पेपरात शेकोटीचे फोटो येतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पंखे लागतात. मे महिन्यात चाळीसच्या वर ऊन असताना मांडीवर लोकरीचा स्वेटर घेऊन कोण बसणार? हाताला घाम येतो, अॅक्रिलिकचा धागा सुईला चिकटतो, टाके सरकत नाहीत. त्यामुळं थंडीत आधी मोठे, मांडीवर ऊब देणारे भाग विणायचे, पाठ, पुढचा भाग. उरलेल्या बाह्या आणि टोप्या पावसाळ्यात. आणि उन्हाळ्यात शिवायचं, कारण शिवताना लोकर फार हातात राहत नाही आणि उजेड भरपूर असतो.

शिवायचं राहिलेले स्वेटर तर प्रत्येक घरात असतात, विणून पूर्ण, चारही भाग घडी घालून ठेवलेले. इथं पेच असा की उलट्या बाजूनं कच्चे टाके घालून शिवलं की शिवण जाड आणि वाकडी येते, एकदा तसं झालं की मन उडतं. सुलट बाजूनं शिवा. दोन्ही कडा शेजारी शेजारी सपाट ठेवा, कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधला आडवा धागा एकीकडचा उचला, मग समोरचा उचला, असं आलटून पालटून, चार-पाच झाले की हलकेच ओढा, शिवण आपोआप आत बुडते, दिसतच नाही. सुई बोथट टोकाची घ्या, टोकदार सुई धागा फोडते. गडद रंग दिवसाच शिवा आणि काळी लोकर असेल, संक्रांतीसाठी म्हणून केलेली असतेच, तर मांडीवर पांढरा पंचा टाकून बसा, टाक्यांमधली भोकं पांढरी दिसतात आणि डोळ्यांना त्रास होत नाही.

लेकरू मोठं झालं आणि स्वेटर छोटा राहिला, हा प्रकार सगळ्यांना माहितीय. पाठ आणि पुढचा भाग झाला असेल तर बाह्यांच्या भानगडीत न पडता बिनबाह्यांचा करून नात्यातल्या लहान पोराला द्या. तेही जमत नसेल तर उसवा, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, हलकं पिळून सावलीत टांगा आणि खाली एखादी ओली फडकी बांधा वजनाला, वाकडेतिकडे वळ बरेच सरळ होतात. अॅक्रिलिकमधे थोडे राहतात, पण विणल्यावर दिसत नाहीत. इस्त्री मात्र फिरवू नका, अॅक्रिलिकवर गरम इस्त्री बसली की लोकर मेलेली चमकदार आणि लुळी होते आणि परत उठत नाही.

जो तुकडा तुम्हाला आता आवडतच नाही, रंगच नको वाटतो, तो संपवायचा हट्ट कशाला. गुंडा करा आणि ज्या बाईला पायपुसणी विणायचा नाद आहे तिला देऊन टाका.

उरलेलं सगळं थंडी संपल्यावर ठेवताना सुया काढून ठेवा, टाके धाग्यावर ओवून दोन्ही टोकं बांधा, म्हणजे टाके ताणत नाहीत आणि सुया दुसऱ्या कामाला मोकळ्या होतात. खरी लोकर असेल तर कसर लागते, अंकांनाही लागते आणि लोकरीलाही, दोन्ही एकाच कपाटात असतील तर वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा दोन्ही बाहेर काढून झटका. अॅक्रिलिक कसर खात नाही, पण उंदीर कातरतो, त्याला पिशवी नाही, झाकणाचा डबा पाहिजे.

राहता राहिला गळा. सगळं झालं, शिवलं, आणि डोकं जात नाही, पोरगं आत अडकून ओरडायलंय. गळ्याची बॉर्डर उसवायची गरज नाही, बहुतेक वेळा फक्त टाके घट्ट बंद केलेले असतात. तेवढी शेवटची सुई उसवा आणि एक-दोन नंबर जाड सुईनं परत बंद करा, म्हणजे बॉर्डर १० नं केली असेल तर ८ नं. मग धुवा आणि वाळत घालताना तारेवर लटकवू नका, ओल्या लोकरीच्या वजनानं बाह्या पोराच्या गुडघ्यापर्यंत येतात, गच्चीत बाजेवर जुनी चादर टाकून सपाट पसरा आणि मधे एकदा उलटा करा.